एक फॉर्म कमी

रोझनफेल्ड, कॅन्सस
२७ मे १९९६

प्रिय लोरेन,

आईने तुझ्या मालकाच्या बायकोला, टटलबाईंना, फोन करून तुमच्या कापणीच्या टोळीच्या मुक्कामांची यादी मिळवली आहे. कोणत्या आठवड्यात कोणत्या गावच्या पोस्टात पत्र पाठवलं की तुझ्या हातात पडेल, ते सगळं लिहून तिने फ्रिजवर लावलंय. सगळ्यात वर ओक्लाहोमा, सगळ्यात खाली मोंटाना. तेव्हा जाताना म्हणालास तसा तू काही बेपत्ता झालेला नाहीस. आईपासून बेपत्ता होणं तुला जमायचं नाही.

इकडचं सांगते. माझा पदवीदान समारंभ पार पडला. कॉलेजच्या विश्वस्तांतर्फे प्रार्थना बाबांनी केली. ‘जे आज आपल्यात नाहीत’ असं म्हणून ते थोडे थांबले, तेव्हा आमच्या रांगेतले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आईने निळा ड्रेस घातला होता, तुला न आवडणारा.

मी उन्हाळाभर घरीच आहे. न्यूफेल्ड मॅडमच्या पाहणीचं काम अजून उरलंय. तीच ती, ज्यासाठी तुम्ही सगळ्यांनी फेब्रुवारीत फॉर्म भरून दिलेत. घरचं वळण आणि चर्च यांचा मुलांच्या पिण्यावर काय परिणाम होतो वगैरे. चारशे बारा फॉर्म आले. आकडे कॉम्प्युटरमध्ये घालून झालेत, आता तक्ते करतेय.

बाबा तुझ्याबद्दल घरात बोलत नाहीत. पण डीनचं पत्र त्यांनी टेबलाच्या खणात वरच ठेवलंय. जानेवारीत तुला परत घ्यायला कॉलेज तयार आहे. चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यायची अट कॉलेजची नाही, बाबांची आहे, हे मला माहीत आहे. त्यावर तू मला जे म्हणालास ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

ड्वाइट श्राग काल चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. ओठावर वण राहिलाय. हसला की एक बाजू मागे राहते. तुझी चौकशी केली त्याने. लोरेन, आधीही सांगितलं होतं, परत सांगते. तुझ्या पिण्याबद्दल त्याने कोणालाही काही सांगितलेलं नाही. दोन वर्षं एका खोलीत राहिलात, तेव्हा त्याला कळलं नसेल असं नाही. पण सांगितलं त्याने नाही. ‘तुला काय माहीत?’ असं तू तेव्हा विचारलं होतंस. मला माहीत आहे, एवढं समज.

जेवण नीट घेत जा.

तुझी,
जॅनेल


१९ जून

प्रिय लोरेन,

तुझं ओक्लाहोमाचं कार्ड आलं. आईने ते जेवताना मोठ्याने वाचलं. ‘रविवारी टटलांबरोबर त्यांच्या कॅथलिक चर्चला गेलो. प्रभुभोजनात खरी वाईन असते. कोणी झिंगलेलं दिसलं नाही.’ शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बारीक झाला. बाबांनी बटाटे मागितले. आपल्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षाचा रसच का, यावर त्यांचं एक अख्खं प्रवचन आहे, तुला आणि मला पाठ असलेलं. ते त्यांनी दिलं नाही. बटाटे घेतले आणि खाल्ले नाहीत.

काल तुम्ही पेनरांच्या शेतावर होतात. घरापासून फक्त अकरा मैलांवर. आई पहाटेपासून स्वयंपाकाला लागली होती. हॅम, पनीर भरलेले वेरेनिके, दोन ट्रे त्स्वीबाक पाव, चेरी पाई. मी म्हटलं, “टोळीत सात माणसं आहेत, सत्तर नाहीत.” ती म्हणाली, “उन्हात काम करणाऱ्या माणसाचं पोट तुला काय ठाऊक.”

तू आलास, आईशी बोललास, जेवलास. ते मी गाडीतून पाहिलं. मी उतरले नाही, कारण माझं डोकं दुखत होतं. तू एकदा गाडीकडे बघून हात वर केल्यासारखं केलंस की कपाळावरचा घाम पुसलास, ते मला काचेतून कळलं नाही. मी हात केला होता.

परत येताना आई म्हणाली, “केस फार वाढलेत त्याचे. मी म्हटलं तर म्हणतो, आई, कापणीत गहूच कापतात.” आणि बरंच पुढे आल्यावर म्हणाली, “अंगाला भुशाचा वास येत होता त्याच्या.” आणखी कसला, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

बाबा आले नाहीत, कारण म्हाताऱ्या उन्रू आजोबांना हॉस्पिटलात बघायला जायचं होतं. ते खरंच गेले होते. सांगायचं एवढंच की उन्रू आजोबा रोजच तिथे असतात.

जॅनेल


८ जुलै

लोरेन,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच.

शनिवारी ड्वाइट आला होता. तुझं सामान घेऊन. हिवाळ्यातले बूट, गायनवृंदाचा पांढरा शर्ट, डिक्शनरी, ट्रोम्बोनची रिकामी पेटी. आईने त्याला ओसरीवर थंड चहा दिला आणि ती आत गेली. तो ग्लास हातात धरून बसला. मग म्हणाला, “जॅनेल, एक विचारू? त्याला अजून वाटतं का की मीच सांगितलं?”

मी म्हटलं, “हो.”

तो म्हणाला, “मग त्याचा राग बरोबर आहे. म्हणजे, मी तसं केलं असतं तर बरोबर होता.” आणि ग्लास खाली ठेवून गेला. त्याच्या मनात कटुता नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

सांगितलं मी.

फेब्रुवारीचा शेवटचा गुरुवार होता. लायब्ररीच्या तळघरात बसून मी फॉर्ममधली उत्तरं कॉम्प्युटरमध्ये भरत होते. एकाही फॉर्मवर नाव नव्हतं. न्यूफेल्ड मॅडमनी पहिल्याच पानावर सगळ्यांना वचन दिलं होतं, की कोणी काय लिहिलं हे कोणालाही कळणार नाही. मीही त्या वचनाखाली सही केली होती. एक फॉर्म हातात आला. त्यातल्या प्रत्येक सातच्या पोटात आडवी रेघ होती. सात असे तू काढतोस, पण तसे इतरही काढतात, म्हणून मी पुढे गेले. शेवटी, काही सांगायचं असल्यास लिहा, असं म्हणून चार ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. तिथे लिहिलं होतं: ‘आजोबांच्या तळघरात चेरीची दारू असायची. आजी तिला खोकल्याचं औषध म्हणायची. आमच्या घरी उन्हाळ्यातही सगळ्यांना खोकला असायचा.’

मी हसले. मग परत पहिल्या पानावर गेले आणि तुझी उत्तरं तुझी म्हणून वाचली.

गेल्या तीस दिवसांत किती दिवस प्यायलात? बावीस. पिऊन गाडी चालवलीत का? हो, चार वेळा. पिण्याचा अपराध वाटतो का? नेहमी. प्रार्थना करता का? त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं होतं. तू समासात लिहिलंस: ‘पिण्याआधी करतो, नंतरही करतो. मधल्या वेळात बरं वाटतं.’

आणखी एक प्रश्न होता. अडचणीत सापडलात तर सगळ्यात आधी कोणाकडे जाल? आई, वडील, भाऊ किंवा बहीण, मित्र, पाळक, कोणीच नाही. तू ‘बहीण’ शब्दाखाली दोनदा रेघ ओढली होतीस.

मी तीन दिवस काही केलं नाही. शुक्रवारी कॅन्टीनमध्ये तू माझ्यासमोर येऊन बसलास. चिलीच्या रश्शाचा वाडगा संपवलास, दालचिनीचा रोल खाल्लास, माझाही अर्धा घेतलास. मी तुझ्याकडे बघत होते. तू म्हणालास, “काय बघतेस?” मी म्हणाले, “काही नाही.”

रविवारी घरी गेले. जेवण झाल्यावर मी भांडी घासत होते आणि बाबा पुसत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “किती दिवस म्हणालीस?” मी म्हटलं, “बावीस.” ते तीच ताटली पुसत राहिले. कोरडी झाली तरी पुसत राहिले. मला वाटलं ते तुझ्याकडे जातील. ते सोमवारी डीनकडे गेले. विश्वस्त म्हणून आपण गप्प बसलो तर उद्या दुसऱ्याच्या मुलाला कोणत्या तोंडाने शिस्त लावायची, असं त्यांचं म्हणणं होतं. दर वर्षी दारू न पिण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेणारं कॉलेज, आणि पहिली सही पाळकाच्या मुलाची.

मंगळवारी तुझ्या खोलीत झडती झाली आणि ट्रोम्बोनच्या पेटीत बाटल्या सापडल्या. तू ड्वाइटला मारलंस तेव्हा मी जिन्यात होते. त्याचा शर्ट बघितला मी. तिथे मला एक वाक्य बोलता आलं असतं, आणि त्या वाक्याला चार महिने लागले.

त्या दिवशी शेतावर माझं डोकं दुखत नव्हतं.

फॉर्म कॉम्प्युटरमध्ये मीच भरते हे तुला माहीत होतं. कधी कधी वाटतं की तू म्हणूनच इतकं खरं लिहिलंस. पण हा विचार मला सोयीचा आहे, म्हणून मी त्यावर फार विश्वास ठेवत नाही.

क्षमा कर असं लिहिणार होते. तो शब्द आपल्या घरात इतका वापरला जातो की आत्ता तो लिहवत नाही. चुकले. ड्वाइटला आणि आईला मी सांगणार आहे. हे पत्र पोस्टात पडलं की आधी ड्वाइटकडे जाईन.

जॅनेल


४ ऑगस्ट

प्रिय लोरेन,

उत्तर आलं नाही. यादीप्रमाणे तुम्ही साउथ डकोटात आहात, आणि मागचं पत्र नेब्रास्काला गेलं होतं. चुकामूक झाली असेल असं मी पहिले दोन आठवडे धरून चालले. आता नाही धरत.

मी ड्वाइटला सांगितलं. तो बापाच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरखाली झोपून काहीतरी करत होता. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत तो बाहेर आला नाही, फक्त बूट दिसत होते. मग आतूनच म्हणाला, “मार्चमध्ये सांगितलं असतंस तर माझा ओठ वाचला असता का?”

मी म्हटलं, “नाही. तोपर्यंत फुटला होता.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला. पण चर्चमध्ये तो आता आमच्या बाकावर बसत नाही.

न्यूफेल्ड मॅडमकडेही गेले. त्यांनी चष्मा काढला, ऐकून घेतलं, आणि जराही आवाज न चढवता म्हणाल्या, “मुलांनी आपल्याला खरं सांगितलं, कारण आपण शब्द दिला होता. तू घाबरून तो मोडलास, ते मी समजू शकते. पण पुढच्या वर्षी मुलं खोटं लिहितील, जॅनेल. आणि त्यांचं चुकणार नाही.” माझ्याकडून तळघरातल्या खोलीची किल्ली घेतली. तुझा फॉर्म त्यांनी पाहणीतून काढून टाकला. आता अहवालात चारशे अकरा विद्यार्थी असतील. मी केलेले तक्ते दुसरी मुलगी पुन्हा करतेय.

आईला सांगितलं तेव्हा ती घेवडे निवडत होती. तिने विचारलं, “पिऊन गाडी चालवत होता?” मी म्हटलं हो. ती म्हणाली, “मग तू सांगायलाच हवं होतंस.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्याला आधी.” बाकी काही नाही.

आता बाबांचं. मी तुला सगळं कळवलंय, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “त्या फॉर्ममध्ये आमच्याबद्दल काय होतं?” मी सांगायला नको होतं. सांगितलं. म्हणजे तुझा फॉर्म मी परत एकदा फोडला. प्रश्न असा होता: घरी दारूबद्दल कधी बोलणं झालं का? तुझं उत्तर होतं: ‘बोलणं नाही. उपदेश.’

ते बाहेर जाऊन गवत कापायला लागले. अर्धं अंगण कापून मशीन तिथेच सोडून फिरायला गेले. गेले दोन आठवडे आपलं अंगण तसंच अर्धं आहे.

आज उपासनेत प्रवचनाच्या वेळी ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि पहिल्या बाकाशेजारी उभे राहिले. तुला जिथे उभं करणार होते तिथे. हातात कागद नव्हता. म्हणाले, “मी वीस वर्षांचा होतो तेव्हा आपल्या शिकवणीप्रमाणे शस्त्र न धरता, सैन्यात जाण्याऐवजी डेन्व्हरच्या एका हॉस्पिटलात दोन वर्षं सेवा केली, हे तुम्हाला माहीत आहे. मी ते प्रवचनात पुष्कळदा सांगतो. तिथे आम्ही बारा मुलं एका घरात राहायचो आणि प्यायचो, हे मी कधी सांगितलं नाही. मी सगळ्यांपेक्षा जास्त प्यायचो. एका सकाळी हात इतके कापत होते, की एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवताना तो निसटून खाली पडला. त्याला काही झालं नाही. उठून मलाच म्हणाला, ‘बाळा, तू बस.’ त्या दिवशी मी दारू सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. आणखी चार महिने लागले.”



मग ते म्हणाले, “मी माझ्या मुलाला इथे येऊन उभं राहायला सांगितलं. आधी मी उभं राहायला हवं होतं. आणि खरं म्हणजे इथेही नाही. त्याच्या खोलीत जाऊन बसायला हवं होतं.”

कोणाला काय करावं ते सुचेना. शेवटी उन्रू आजी बाबांनाच मोठ्याने म्हणाल्या, “आर्डन, पुढचं गीत कितवं?” तेव्हा सगळे पुस्तकं उघडायला लागले.

बाहेर पडताना ऑर्व्हिल पेनर बाबांजवळ आले आणि हळूच म्हणाले, “त्या बारांत मी होतो, ते बोलला नाहीस. उपकार झाले.” बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

मी तुला हे सगळं कळवतेय ते तू परत यावंस म्हणून नाही. तुझ्याविषयी झालं आणि तू नव्हतास, म्हणून.

जॅनेल


२ सप्टेंबर

प्रिय लोरेन,

बाबा काल परत आले. मोंटानाला जातोय हे त्यांनी आम्हाला निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आईने डबे भरायला घेतले तर म्हणाले, “विल्मा, मी त्याला जेवायला घालायला जात नाहीये.” तरी डबे गेलेच.

त्यांनी काय सांगितलं ते लिहिते, म्हणजे त्यांनी तिथून काय आणलं ते तुला कळेल.

टटलांनी त्यांना ऑगस्टमधली गोष्ट सांगितली. सकाळी दहा वाजता तू धान्याने भरलेला ट्रक चरात घातलास. कोणाला लागलं नाही. टटलांनी तुझ्याकडून किल्ल्या घेतल्या, पण तुला हाकललं नाही. टटलबाईंच्या हाताखाली स्वयंपाकाला आणि यंत्रांना वंगण द्यायला ठेवलं, आणि सांगितलं की एकदा जरी वास आला तरी बसचं तिकीट हातात मिळेल. बाबा म्हणाले, टटल हे सांगत होते तेव्हा तू तिथेच बटाटे सोलत होतास आणि एकदाही मान वर केली नाहीस.

आईने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “बटाटे सोलता येतात त्याला?”

मग म्हणे टटलांनीच त्या दुपारपुरती किल्ली तुला परत देऊन तुम्हा दोघांना हार्वेस्टरच्या केबिनमध्ये बसवून दिलं. बाबा चालकाच्या बाजूच्या छोट्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन. पहिली फेरी बाबांनी गव्हाकडे बघण्यात काढली. दुसऱ्या फेरीत त्यांनी तुला डेन्व्हरबद्दल सांगितलं. तू म्हणालास, “जॅनेलने लिहिलंय.”  मग तू विचारलंस, “आवडायची का तुम्हाला?”

बाबा म्हणाले, “फार. अजूनही एखाद्या दिवशी आवडेल असं वाटतं.”

आणि तू हसलास. बाबांनी हे सांगताना तुझ्या हसण्याची नक्कल करून दाखवली, ती काही जमली नाही.

तू आठवडाभर घेतली नव्हतीस आणि हात कापत होते, हेही त्यांनी सांगितलं. “मी त्याला म्हटलं, ते जातं. किती दिवसांत, ते मात्र मी सांगू शकलो नाही. मला आठवत नव्हतं.”

मी विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलला?”

“नाही. मी विषय काढला नाही. ते तुम्ही दोघं बघा. मी एकदा मध्ये पडलो, तेवढं पुरे.”

ते बरोबर बोलले. तरी मी वर जाऊन रडले, आणि का रडले ते लिहून टाकते. तुझं बरं चाललंय म्हणून नाही. तू त्यांच्याबरोबर हसलास म्हणून. मला हेवा वाटला. डीनकडे गेले ते, अट घातली त्यांनी, आणि तीन फेऱ्यांत त्यांचं सुटलं. मग मला वाटलं की त्यांनी जे केलं ते उघड केलं. तुझ्यासमोर चिलीच्या वाडग्यापाशी गप्प बसलेली मी होते.

सोमवारपासून मी गावच्या शाळेत शिकवायला लागतेय, तिसरीच्या वर्गाला. पत्र लिहिलंच पाहिजे असं बंधन मी तुझ्यावर घालणार नाही. यादी संपली आहे. तुम्ही मोंटानाहून कुठे जाणार ते आईलाही माहीत नाही.

जॅनेल


१७ नोव्हेंबर

प्रिय लोरेन,

तुझं पत्र बुधवारी आलं. मी ते शाळेत, मधल्या सुट्टीत वाचलं. माझ्या वर्गातली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, “बाई, वाईट बातमी आहे का?” मी म्हटलं, “नाही, भावाचं पत्र आहे.” ती म्हणाली, “मग ठीक आहे.” तिला चार भाऊ आहेत.

तू टटलांच्या घरीच हिवाळा काढतो आहेस, यंत्रं दुरुस्त करतो आहेस, हे वाचून बरं वाटलं. दर मंगळवारी त्यांच्या चर्चच्या तळघरात ज्या बैठकीला जातोस, तिथे सगळ्यात लहान तूच आहेस आणि कॉफी फार वाईट असते, हेही. एकोणऐंशी दिवस झाले असं लिहिलंस. आता शहाऐंशी असतील. मी आईला आकडा सांगितला नाही. तुला सांगायचा असेल तेव्हा सांग.

ड्वाइटला तू वेगळं पत्र लिहिलंस ते त्याने मला दाखवलं नाही. फक्त आज चर्चमध्ये तो आमच्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, “सरक.”

तुझ्या पत्रातली ती जागा मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. ‘फॉर्म कॉम्प्युटरमध्ये तू भरतेस हे मला माहीत होतं. तुला कळावं म्हणूनच चेरीच्या दारूचं लिहिलं, नाहीतर त्या गोष्टीची तिथे काय गरज होती? मला वाटलं तू येशील. कॅन्टीनमध्ये तू माझ्याकडे बघत होतीस तेव्हा मला कळलं की तू वाचलंयस. मी विचारलं, काय बघतेस. तू म्हणालीस, काही नाही. तेव्हाच मला समजलं की तू येणार नाहीस. कुठे जाशील, एवढंच माहीत नव्हतं.’

आणि त्याखाली तुझा एकच प्रश्न. मी बाबांना सांगितलं ते तुझ्या काळजीने, की चांगली मुलगी ठरायला?

मी चार दिवस विचार केला. पहिल्या दिवशी उत्तर अगदी सोपं होतं: काळजीने. तू पिऊन गाडी चालवत होतास. त्या तीन रात्री मला झोप लागली नव्हती. हे सगळं खरं आहे.

पण फेब्रुवारीत मीही फॉर्म भरला होता. माझी सगळी उत्तरं शून्य होती. किती दिवस, शून्य. किती पेले, शून्य. भरताना मला त्या शून्यांचा अभिमान वाटला होता. त्यातली थोडी देवासाठी होती. बरीचशी बाबांसाठी होती. तू लहानपणापासून त्यांना हसवायचास, चिडवायचास, दमवायचास, आणि ते सारखे तुझ्याबद्दलच बोलायचे. माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही नसायचंच. त्या रविवारी भांडी घासताना मी बोलायला लागले तेव्हा त्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला ते बरं वाटलं, लोरेन. तुझी बातमी सांगताना मला बरं वाटलं. भीतीही होती. दोन्ही एकाच वेळी होतं. किती कुठलं, ते मला वेगळं काढता येत नाही.

तुझ्याकडे आले असते तर तू रागावला असतास, रडला असतास, किंवा मला बाटली काढून दाखवली असतीस, आणि मला काय करायचं ते कळलं नसतं. आपल्याला घरी प्रार्थना शिकवली, न पिणं शिकवलं. पिणाऱ्या माणसाशेजारी बसायचं कसं, ते कोणी शिकवलं नाही. मी हे बाबांवर ढकलत नाही. मला विचारून तरी बघता आलं असतं.

आई म्हणाली, तू थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतो आहेस. बुधवारी संध्याकाळच्या बसने. तिने आत्तापासून फ्रीजर भरायला घेतलाय. बाबांनी विचारलं की तुझ्यासमोर जेवणाची प्रार्थना कोणी करायची. आई म्हणाली, “तुम्ही करा. लहान करा.”

मला त्या दिवशी न्यूटन गावातल्या एका मैत्रिणीने जेवायला बोलावलंय. तू येशील तेव्हा मी घरी असावं की नसावं, हे मला पोस्टकार्डावर कळव. एक शब्द पुरे. तू काहीही कळवलंस तरी माझी हरकत नाही.

हे खोटं आहे. मला घरी असायचंय.

जॅनेल